चिवट ऑइल सील काढायचं कसं? सोलापूरच्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

ऑइल सील म्हणजे फिरत्या शाफ्टच्या कडेने ऑइल बाहेर येऊ न देणारी रबर-पत्र्याची रिंग. ते बदलायचं म्हटलं की लोक नव्या सीलची चौकशी करतात. कुठल्या कंपनीचं, केवढ्याला, किती दिवस टिकेल. जुनं कसं काढणार हे फारसं कुणी विचारत नाही, आणि नुकसान होतं ते नेमकं तिथंच. जुनं सील भंगारात जाणार आहे, त्याला वाकवा, भोकं पाडा, फाडा, काही बिघडत नाही. पण ज्या शाफ्टवर ते घासतं आणि ज्या बोअरमध्ये, म्हणजे गोल भोकात, ते दाबून बसवलेलं असतं, ते दोन पृष्ठभाग गाडीबरोबर राहणार आहेत. खालची सगळी उत्तरं ही एक गोष्ट धरून दिली आहेत.

गाडीखाली ऑइलचे थेंब पडतात. म्हणजे सील गेलंच ना?

गेलं असेल, पण लगेच सील मागवू नका. ऑइल गळतं वर आणि दिसतं खाली. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, कॅमशाफ्टचं सील, ऑइल प्रेशरचा स्विच, यांतलं काहीही गळत असलं तरी ओघळ चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या, कडेपर्यंत येतो आणि थेंब तिथून पडतो. गाडी पळत असताना वारा तेच ऑइल मागे ढकलतो, त्यामुळे पुढची गळती मागच्या सीलची वाटते.

आधी इंजिन डीग्रीझर मारून धुऊन घ्या आणि पूर्ण कोरडं होऊ द्या. मग संशयाच्या जागेवर साधी टाल्कम पावडर भुरभुरा. मोहोळपर्यंत जाऊन या आणि टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्या पावडरवर ओली रेघ जिथून सुरू होते, तिथं गळती आहे. एवढ्याशा कामाचा कंटाळा केल्यामुळे चांगली सीलं उगाच उपटली जातात.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून थेंब येत असेल तर आणखी एक खूण बघा. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो. बोटावर घेऊन वास घ्या. तसा वास आला तर इंजिनाचं मागचं सील निर्दोष आहे, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गेलंय.

मालक, नवीन सील टाकलं आणि महिन्याभरात पुन्हा गळायला लागलं. माल डुप्लिकेट होता का?

डुप्लिकेट माल बाजारात आहे हे खरं. पण त्याआधी ब्रीदर बघा. पिस्टनच्या कडेने निसटलेला गॅस इंजिनाच्या पोटात साठतो आणि त्याला बाहेर जायला पीसीव्ही व्हॉल्व्ह किंवा ब्रीदरचा पाइप असतो. तो काजळीने आणि चिकट्याने बुजला की आत दाब वाढतो, आणि तो दाब सगळ्यात कमकुवत जागेतून ऑइल बाहेर ढकलतो. ती जागा बहुधा सीलची लिप, म्हणजे शाफ्टला टेकलेली आतली रबरी कड, असते.

इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडा. भकाभका वाफ येत असेल, किंवा डिपस्टिक आपोआप वर सरकलेली असेल, तर आधी ब्रीदर साफ करा. तरीही जोर तसाच राहिला तर पिस्टनच्या रिंगा घासल्या आहेत. तिथं कितीही महागडं सील टाका, गळणारच.

सील एवढं घट्ट का बसतं? सोलापूरच्या उन्हाने वाळतं का?

उन्हाला उगाच बोल लावू नका. एप्रिल-मेमध्ये इथं पारा ४२-४३ अंशांवर जातो हे खरं, पण इंजिन पुण्यात काय आणि सोलापुरात काय, ९० अंशांच्या आसपासच चालतं. सील वाळतं ते या आतल्या उष्णतेने. साधं नायट्राइल रबर १०० अंशांच्या आसपास वर्षानुवर्षं राहिलं की कडक होतं. पॉलिअ‍ॅक्रिलेट साधारण १५० अंशांपर्यंत तग धरतं आणि व्हायटॉन जातीचं रबर २०० पर्यंत.

घट्टपणाचं कारण मात्र बाहेरच्या कडेला आहे. सीलच्या आत पत्र्याची रिंग असते आणि ती बोअरपेक्षा किंचित मोठी ठेवलेली असते, म्हणजे दाबूनच बसवावी लागते. वर्षानुवर्षं तापून-थंडावून रबराचा थर बोअरला चिकटतो. नुसत्या पत्र्याच्या कडेचं सील असेल तर गंज धरतो. त्यात आधीच्या मिस्त्रीने कडेला भरपूर अ‍ॅनाबॉन्ड हे चिकट सीलंट थापलेलं असेल तर विचारूच नका.

सोलापूरचा खरा त्रास धुळीचा आहे. उसाच्या हंगामात कारखान्यांच्या रस्त्यांवर आणि बार्शी-अक्कलकोटकडच्या कच्च्या वाटांवर जी धूळ उडते, ती ऑइलच्या ओलाव्याला चिकटून सीलच्या तोंडाशी लेप बनते. हा लेप शाफ्टला पॉलिश पेपरसारखा घासतो. म्हणून सील काढण्याआधी ब्रशने आणि फडक्याने ती जागा स्वच्छ करा. नाहीतर सील निघताना हीच घाण इंजिनात जाते.

गाडीत कुठकुठं सील असतात?

क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य शाफ्टच्या, पुढे पुलीच्या मागे एक, क्रँकच्या मागे फ्लायव्हीलच्या बाजूला एक, बेल्टच्या गाड्यांत कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टच्या, तोंडाशी एक. व्हॉल्व्हची छोटी सीलं वेगळी, त्यांचा या लेखाशी संबंध नाही.

जाता जाता, कॅमशाफ्ट हा प्रकार सोलापूरकरांना परका नाही. १९९२ मध्ये सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी इथल्याच एमआयडीसीत कॅमशाफ्ट बनवते. तिथं काम करणाऱ्या कुणाला विचारा, सील जिथं घासतं त्या गोलाईवर किती बारकाईने फिनिश दिलेला असतो ते. त्यावर स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवण्याआधी ते आठवावं.

सीलपर्यंत पोचायला काय काय खोलावं लागतं?

पुढच्या सीलसाठी उजवीकडचं चाक आणि आतला प्लास्टिकचा पत्रा काढला की बहुतेक आडव्या इंजिनांत हात घालायला जागा मिळते. त्याआधी गाडी घोडीवर (स्टँडवर) घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मग पट्टा, मग क्रँक पुली.

टायमिंग बेल्टची गाडी असेल, म्हणजे मारुती ८००, जुनी अल्टो, सँट्रो, इंडिका वगैरे, तर बेल्ट काढण्याआधी क्रँक आणि कॅम दोन्हीकडच्या खुणा जुळवून घ्या आणि फोटो काढून ठेवा. काही इंजिनांत बेल्ट चुकला तर पिस्टन व्हॉल्व्हला आपटतो. बेल्ट उतरवलेला असताना क्रँक उगाच फिरवू नका. के-सिरीजच्या स्विफ्ट, वॅगन आरसारख्या चेनच्या गाड्यांत हे दुखणं नाही. तिथं सील टायमिंग कव्हरमध्ये बसतं आणि पुली काढली की समोर येतं.

क्रँक पुलीचा बोल्ट सुटत नाही म्हणून पान्याचा दांडा चासीला टेकवून स्टार्टर मारायची युक्ती काही जण करतात. करू नका. पुली धरायचं टूल भाड्याने मिळतं, इम्पॅक्ट गन मिळते. बोल्ट सुटल्यावर अर्धचंद्राची चावी, म्हणजे पुलीला शाफ्टवर अडवून धरणारा लोखंडी तुकडा, कुठं पडते त्यावर लक्ष ठेवा, ती हरवली की दिवस गेला.

हत्यारं कोणती लागतात?

हूकवाला सील पुलर, २ मिमीचा ड्रिल बिट, बारीक डोक्याचे पत्र्यात जाणारे चार स्क्रू, पक्कड, व्हर्नियर, ग्रीस, टॉर्च. आणि बिसलेरीची एक रिकामी बाटली, तिचं काम पुढे येतं. मोठी हातोडी घरी ठेवा.

आता मुख्य प्रश्न. काही केल्या हलत नाही असं सील काढायचं कसं?

पहिल्यांदा मोजमाप. जुनं सील बोअरच्या कडेपासून किती आत बसलंय ते व्हर्नियरच्या मागच्या काडीने तीन-चार ठिकाणी मोजून लिहून ठेवा. सील निघाल्यावर हा आकडा कुणी सांगत नाही. नवं बसवताना तो लागतोच.

मग शाफ्टला कवच घाला. बाटलीच्या मधल्या भागाची दोन बोटं रुंद पट्टी कापा आणि शाफ्टभोवती गुंडाळून तिची कड सीलच्या लिपखाली जितकी जाईल तितकी सरकवा. प्लास्टिक पातळ असतं, त्यामुळे ते आत शिरतं, आणि हूक घसरला तर ओरखडा प्लास्टिकला पडतो, शाफ्टला पडत नाही.

आधी हूक लावून बघा. हुकाचं टोक लिपच्या मागे, पत्र्याच्या आतल्या कडेला अडकलं पाहिजे. नुसत्या रबरात अडकवलं तर रबर फाटून हातात येतं आणि रिंग तिथंच राहते. पुलरचा टेकू हाउसिंगच्या, म्हणजे बोअर असलेल्या भागाच्या, कडेवर घ्यायचा नाही. अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं, त्यात खड्डा पडतो. टेकूखाली लाकडाची चपटी किंवा जुन्या बेल्टचा तुकडा ठेवा. एका ठिकाणी थोडं उचला, मग समोरच्या बाजूला, मग परत पहिल्या जागी. एकाच बाजूने जोर लावला तर सील तिरकं होऊन आणखी अडकतं.

हुकाला दाद दिली नाही तर स्क्रूची पद्धत. सीलचा समोरचा चेहरा बघा. बाहेरची कड आणि लिप यांच्यामध्ये चार-पाच मिलिमीटरची सपाट जागा असते. तिच्या रबराखाली पत्रा आहे. त्या जागेच्या मधोमध, किंचित बाहेरच्या कडेकडे, पंचने हलकी खूण करा. लिपकडे सरकलात तर बिट स्प्रिंगवर आणि तिथून शाफ्टवर जाईल. अगदी बाहेर गेलात तर बोअरला लागेल.

बिटच्या टोकापासून तीन मिलिमीटरवर टेप गुंडाळा, म्हणजे किती आत जायचं ते डोळ्यांना दिसतं. टोकाला ग्रीसचा गोळा लावा, त्यात चुरा अडकतो. पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. ड्रिल हळू फिरवा, पत्रा पार झाल्याचं हाताला कळतं, त्या क्षणी थांबा. इंजिन आणि बॉडीमध्ये ड्रिल मशीन बसत नसेल तर धारदार टोच्याने भोक पाडलं तरी चालतं. दुसरं भोक बरोबर समोर.

प्रत्येक भोकात स्क्रू दोन-तीन आटे आवळा. टोक मागच्या भिंतीला किंवा बेअरिंगच्या कॅपला टेकता कामा नये, म्हणून लांब स्क्रू घेऊ नका. आता पक्कडीत स्क्रूचं डोकं धरून सरळ बाहेर ओढा. पक्कडीच्या जबड्याखाली लाकडाची चपटी ठेवून तिच्यावर डोलवलं तर ताकद कमी लागते. अर्धा मिलिमीटर इकडून, अर्धा तिकडून. पहिल्यांदा काहीच होत नाही असं वाटतं, मग बारीक ‘कट्’ असा आवाज येतो. तो आवाज म्हणजे चिकटलेला थर सुटला. तिथून पुढे काम झपाट्याने होतं.

स्क्रू उपटून हातात आला तर त्याच भोकात मोठा स्क्रू कोंबू नका. नव्वद अंशांवर नवं भोक पाडा. स्लाइड हॅमर असेल तर तो स्क्रूला जोडून हलके ठोके द्या.

सील निघाल्यावर फेकण्याआधी हातात घेऊन बघा. लिपच्या मागची बारीक गोल स्प्रिंग पूर्ण आहे का? नसेल तर ती आत कुठंतरी पडली आहे, आणि ती सापडेपर्यंत पुढचं काम बंद.

रबर सगळं फाटून निघालं, पत्र्याची रिंग आत राहिली. आता?

हे बऱ्याचदा होतं, घाबरू नका. रिंगची कड आतल्या बाजूला, म्हणजे शाफ्टच्या दिशेने दुमडायची. बोथट, अरुंद छिन्नी रिंगच्या कडेवर अशी ठेवा की ठोक्याचा रोख मध्याकडे राहील, आणि हलके ठोके द्या. एका जागी रिंग आत वाकली की तिची बोअरवरची पकड तिथं सुटते, मग ती पक्कडीत धरून गुंडाळल्यासारखी काढता येते. शाफ्टवरची पट्टी यावेळी दुहेरी करा. हॅकसॉच्या पात्याने रिंग कापायला जाऊ नका, पातं कुठं थांबेल ते दिसत नाही.

स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं तर काय बिघडतं? सगळे तसंच करतात.

करतात, आणि दहातली बरीच सीलं निघतातही. पण स्क्रू ड्रायव्हरचं टोक कडक पोलादाचं असतं आणि त्याचा सगळा भार एका बिंदूवर येतो. शाफ्टवर लांबीच्या दिशेने केसाएवढी जरी रेघ उठली तरी लिप तिच्यावर बसत नाही आणि ऑइल त्या रेघेतून चालत बाहेर येतं. बोअरमध्ये उठली तर सीलच्या बाहेरच्या कडेने येतं. काहीच हाताशी नसेल तर टोकाला तीन-चार वेटोळे टेप लावा, शाफ्टवर प्लास्टिकची पट्टी ठेवा आणि टेकू लाकडावर घ्या.

एका बाजूला ठोकून सील आडवं करायचं आणि मग ओढायचं, ही पद्धत कशी आहे?

बाकावर, सुट्या हाउसिंगवर चालते. गाडीतल्या इंजिनावर मी तरी सुचवणार नाही. बऱ्याच बोअरना मागे पायरी असते, तिथं सील आत जातच नाही, आणि पायरी नसेल तर ते पूर्ण आत निसटण्याची भीती. कॅमच्या सीलला ही पद्धत अजिबात नको.

गरम करून काढू का? आमच्या शेजारी वेल्डिंगवाला आहे.

ज्योत नको. एक तर आसपास ऑइल आणि पेट्रोलची वाफ असते. दुसरं म्हणजे व्हायटॉन जातीचं रबर ३०० अंशांच्या पुढे तापलं किंवा जळलं की त्यातून हायड्रोजन फ्लोराइड सुटतो. त्याचं आम्ल कातडीतून आत शिरून खोलवर भाजतं. कुठल्याही इंजिनात जळून काळं चिकट झालेलं सील दिसलं तर उघड्या हाताने धरू नका.

हॉट एअर गनने मात्र मदत होते, आणि ती का होते हे समजून घेण्यासारखं आहे. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुलतं. ८० मिमीचा बोअर ६० अंशांनी तापवला तर अ‍ॅल्युमिनियम ०.११ मिमीच्या आसपास फुलेल आणि सीलचा पत्रा त्याच्या निम्म्याने. म्हणजे पकड सुमारे ०.०५ मिमीने ढिली होते. आकडा छोटा दिसतो, पण घट्ट बसलेल्या सीलला तेवढंही पुरतं. हवा सीलवर मारू नका, हाउसिंगवर फिरवा. ओतीव लोखंडी ब्लॉक असेल तर हा फायदा मिळत नाही, कारण लोखंड आणि पत्रा जवळपास सारखेच फुलतात.

डब्ल्यूडी-४० मारून रात्रभर ठेवू का? रॉकेल?

पत्र्याच्या कडेचं गंजलेलं सील असेल तर डब्ल्यूडी-४० चा उपयोग होतो, अर्धा तास पुरे. रबराच्या कडेच्या सीलवर मारलं तर रबर फुगून आणखी घट्ट होण्याचा संभव. रॉकेल हात आणि सुटे भाग धुवायला ठेवा. शिवाय काहीही मारलं तरी नवं सील बसवण्याआधी बोअर पुसून कोरडा केलाच पाहिजे, नाहीतर नवं सील घसरून तिरकं बसतं.

ड्रिलचा चुरा आत गेला असेल तर?

चुंबकाची काडी फिरवून बघा, ग्रीस लावलेल्या बोटाने कड पुसून घ्या. शंका राहिली तर काम संपवून ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, बाहेरचाही कचरा आत जातो.

मागचं, फ्लायव्हीलच्या बाजूचं सील पण असंच काढायचं का?

तिथं पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सीलची किंमत किरकोळ, मजुरीच खरा खर्च. म्हणून गिअरबॉक्स खाली आलाय तोवर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इनपुट शाफ्टचं सील बघून घ्या. क्लच प्लेटला ऑइल लागलं असेल तर ती धुऊन परत लावायची काटकसर करू नका.

काही इंजिनांत मागचं सील स्वतंत्र प्लेटमध्ये बसवलेलं असतं, चार-सहा बोल्टवर. तसं असेल तर ती प्लेट काढून बाकावर आणा आणि मागून पाइपच्या तुकड्याने सील ठोकून काढा. शाफ्टच्या जवळ हत्यार नेण्याचा प्रश्नच उरत नाही. प्लेटचं खालचं तोंड चेंबरच्या पॅकिंगला चिकटलेलं असतं, तिथं धार फिरवून सोडवा, ओढून चेंबरचं पॅकिंग फाडू नका. प्लेट नसेल तर वरची स्क्रूची पद्धत, फक्त दुप्पट सावधपणे, कारण इथं चूक झाली की गिअरबॉक्स पुन्हा उतरवायचा.

फोक्सवॅगन-स्कोडाच्या काही इंजिनांत मागच्या सीलच्या फ्लँजवरच क्रँक सेन्सरचं चक्र बसवलेलं असतं. ते थोडं जरी सरकलं तर गाडी सुरू होत नाही. हे काम त्या गाडीचं टूल असलेल्याकडेच द्या.

शाफ्टवर आधीच खाच पडलेली दिसते. ही माझ्यामुळे पडली का?

गोल फिरणारी, लिपच्या जागी चकाकणारी रेघ असेल तर नाही. ती जुन्या सीलने आणि धुळीने घासून पाडलेली असते. आडवी, शाफ्टच्या लांबीच्या दिशेने गेलेली रेघ असेल तर ती कुणाच्या तरी हत्याराची.

नख फिरवून बघा. नख अडकत नसेल तर १००० किंवा १२०० नंबरचा वॉटर पेपर ऑइलमध्ये भिजवून शाफ्टभोवती गोल फिरवा. आडवा घासायचा नाही. काम लेथवर देणार असाल तर टर्नरला बजावून सांगा की पेपर एका जागी धरून पॉलिश करायचं, डावीकडून उजवीकडे सरकवायचं नाही. सरकवलं की शाफ्टवर डोळ्यांना न दिसणारे आटे पडतात आणि शाफ्ट फिरताना तेच आटे ऑइल बाहेर काढतात. यंत्रमागांचे सुटे भाग करणारे तरबेज टरनर सोलापुरात आहेत, पण यंत्रमागाच्या शाफ्टला ही अट नसते, म्हणून हे तोंडाने सांगावं लागतं.

नख अडकत असेल तर दोन मार्ग. नवं सील बोअरमध्ये एक-दीड मिलिमीटर कमी किंवा जास्त आत बसवायचं, म्हणजे लिप कोऱ्या जागेवर येते. मात्र मागे ऑइलचं भोक असेल तर ते झाकलं जात नाही ना, ते बघा. नाहीतर पातळ स्टीलची रिपेअर स्लीव्ह चढवायची. ती पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची असते, त्यामुळे मूळ मापाचंच सील चालतं. चेनच्या गाड्यांत पुढचं सील बहुधा पुलीच्या मानेवर घासतं, तिथं पुलीच बदलली की काम संपलं.

बोअरमध्ये ओरखडा असेल तर वर उठलेला काठ बारीक पेपरने बसवा आणि रबराच्या कडेचं सील घ्या, ते छोटी खाच भरून काढतं. पत्र्याच्या कडेचंच मिळत असेल तर कडेला सीलंटचा अगदी पातळ थर द्या. रबराच्या कडेला सीलंट लावायचं नाही.

दुकानात नवं सील मागताना काय सांगायचं?

जुनं सील घेऊन जा. त्यावर ३५-५०-८ असे तीन आकडे असतात: शाफ्टचा व्यास, बोअरचा व्यास आणि जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. माप जुळलं म्हणजे झालं असं नाही. रबराची जात तीच हवी, रंगावरून ओळखू नका. काही सीलांवर बाण असतो, तो शाफ्ट फिरण्याची दिशा दाखवतो. अशा सीलांच्या लिपवर तिरक्या रेघा असतात आणि त्या एकाच दिशेने ऑइल परत आत ढकलतात. म्हणून माप सारखं असलं तरी पुढचं सील मागे चालेलच असं नाही.

नवं सील बसवताना चूक कुठं होते?

लिपचं तोंड ऑइलच्या बाजूला. लिपला आणि शाफ्टला इंजिन ऑइलचं बोट फिरवा, लिपच्या मागच्या खोबणीत थोडं ग्रीस भरा, म्हणजे ठोकताना स्प्रिंग उडत नाही. शाफ्टवर चावीची खाच असेल तर तिच्यावर टेप लावून मगच सील सरकवा, खाचेची धार लिप कापते. सीलच्या बाहेरच्या कडेएवढा पीव्हीसी पाइपचा तुकडा किंवा मोठा सॉकेट घेऊन चारही बाजूंनी हलके ठोके द्या आणि आधी लिहून ठेवलेल्या खोलीवर थांबा.

एक अपवाद लक्षात ठेवा. टेफ्लॉनच्या लिपची सीलं, म्हणजे पीटीएफई, कोरडीच बसवायची असतात. त्यांना स्प्रिंग नसते, लिप रुंद असते आणि सोबत प्लास्टिकचा कोन येतो. शाफ्ट ऑइल न ठेवता पुसायचा, कोनावरून सील सरकवायचं आणि लिप शाफ्टवर आवळून बसायला साधारण चार तास द्यायचे, तोवर इंजिन सुरू करायचं नाही. सवयीने ऑइल लावलं की हे सील पहिल्या दिवसापासून गळतं. दोष मात्र मालाला जातो.

बाटलीतलं ‘लीक स्टॉप’ ओतून भागेल का?

कडक झालेलं रबर त्याने थोडं मऊ होतं, गळती काही दिवस कमी होते. फाटलेल्या लिपला किंवा खाच पडलेल्या शाफ्टला त्याचा उपयोग नाही. विकायच्या गाडीत लोक ओततात, तेव्हा जुनी गाडी घेताना हे डोक्यात असू द्या.

हे काम मी घरी करू का?

कॅमचं किंवा चेनच्या गाडीचं पुढचं सील, हात चालत असेल तर जरूर करा, घाई असलेल्या दिवशी नको. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये बंद झालं असलं तरी तालुक्याच्या गावांत ती अजून पळते आणि शिकायला तिच्याएवढी मोकळी जागा नव्या गाड्यांत मिळत नाही. मागचं सील गॅरेजात द्या. देताना दोन गोष्टी आधीच सांगा: जुनं सील मला दाखवायचं, आणि ते निघाल्यावर, नवं घालण्याआधी, शाफ्टचा फोटो पाठवायचा. चांगला मिस्त्री याला नाही म्हणत नाही.

नवं सील घातल्यावर पहिल्या दिवशीच ओलं दिसलं. परत खोलू?

लगेच नको. बसवताना लावलेलं ऑइल-ग्रीस थोडं बाहेर येतं. पुसून घ्या, इंजिन गरम होईपर्यंत जागेवर चालवा, पुन्हा बघा. मग दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर एकदा, पावडर मारून. ओलावा तेवढाच असेल तर सोडून द्या. थेंब धरत असेल तर ब्रीदरपासून पुन्हा सुरुवात करा. आणि दोन्ही वेळा डिपस्टिक बघायला विसरू नका, सील काढताना सांडलेलं ऑइल कुणीतरी परत भरलेलं असायला हवं.